सोफा पालथा घाला: जुना सोफा ओळखायचा कसा आणि पुन्हा बांधायचा कसा

सांगली-साताऱ्याकडच्या जुन्या घरात शिरलं की आधी सोपा, म्हणजे पुढची बसायची जागा, लागतो. तिथे जाजम, त्यावर गादी, भिंतीला लोड आणि तक्के. आला-गेला तिथेच टेकायचा. अरबीत 'सुफ्फा' म्हणजे बसायला केलेला उंच ओटा. त्या शब्दावरून युरोपातल्या भाषांत सोफा आला आणि पुढे लाकडी पायांवर उभा राहून आपल्या हॉलमध्ये. त्याच्यासोबत दुरुस्तीचा प्रश्नही आला. गादी उचलून झटकता येते, कापूस पिंजून पुन्हा भरता येतो. सोफ्याचं पोट मात्र शिवून बंद केलेलं असतं.

म्हणून बैठक खचली की लोक 'जुना द्या, नवा घ्या'च्या पाटीकडे जातात. त्यात अनेकदा सागवानी सांगाडा घराबाहेर पडतो आणि त्याच्या जागी पॅकिंगच्या लाकडावर पिना मारलेला सोफा घरात येतो. तेव्हा सोफा देण्याआधी तो एकदा पालथा घाला. सोफ्याची दोनशे वर्षं त्याच्या पोटात थराथराने रचलेली असतात. कुठला थर कुठल्या काळचा हे कळलं की दुरुस्ती कशी करायची हेही कळतं.

पालथा घालण्याआधी

एक चाचणी सोफा सरळ असतानाच घ्या. तीन जणांच्या सोफ्याचा पुढचा एक पाय सहा इंच उचला. तोवर पुढचा दुसरा पायही जमिनीवरून सुटायला हवा. तो जमिनीलाच चिकटून राहिला तर सांगाडा पिळतोय. सांधा सुटलाय किंवा पुढची पट्टी चिरलीय. मग दोघांनी मिळून, खाली गोधडी अंथरून, सोफा पाठीवर आडवा करून पालथा घाला. हाताशी बॅटरी, पक्कड, अंबूर, जुनी बोथट पटाशी आणि मोबाइल ठेवा. तळाचं काळं पातळ कापड तीन बाजूंनी सोडवा, चौथी बाजू तशीच राहू द्या. पुढचा प्रत्येक थर काढण्याआधी फोटो काढा. कापड फाडू नका. शिवण उसवून प्रत्येक तुकड्यावर खडूने 'डावा हात बाहेरून', 'पाठ खालची' असं लिहा. नव्या कापडाचा नमुना हाच.

आता लाकूड. आतल्या बाजूला पटाशीने थोडं खरवडा. सागाला तेलकट वास येतो आणि रंग सोनेरी-तपकिरी दिसतो. शिसव गडद, पट्ट्यापट्ट्यांचं आणि हाताला जड. फिकट, गाठींचं, नख रुतणारं लाकूड म्हणजे पॅकिंगचं पाइन. कडेला थर दिसले तर प्लाय. भुशासारखा पिवळसर बारीक चुरा आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर भुंग्याने घर केलंय. ताजा चुरा पडत असेल तर औषध आधी, बाकी सगळं नंतर. औषध पॉलिश नसलेल्या लाकडातच मुरतं, त्यामुळे सोफा उघडा असतानाच इंजेक्शनच्या सुईने भोकाभोकांत सोडा.

सांध्यांकडे नीट बघा. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत पक्कं बसवलंय आणि कोपऱ्यात आतून तिरका ठोकळा आहे, तर सांगाडा जपण्यासारखा आहे, मग वरचं कापड चिंधी झालेलं का असेना. दोन लाकडं नुसती टेकवून पिना मारलेल्या असतील तर त्यावर महागडं कापड घालू नका. पाया नसलेल्या भिंतीला गिलावा करण्यातला प्रकार होईल तो.

सुटलेला सांधा खिळा ठोकून बसत नाही. खिळा लाकूड फाडतो आणि सांधा सैलच राहतो. सांधा पूर्ण उघडा, जुना सरस खरवडून काढा, नवा डिंक दोन्ही बाजूंना लावा, शिकंजात आवळा, गुण्या लावून काटकोन बघा आणि चोवीस तास हात लावू नका. जुन्या सरसावर नवा डिंक धरत नाही. दुरुस्त केलेला सांधा वर्षभरात पुन्हा सुटतो तो बहुधा यामुळेच.

पोटात काय सापडतं

वेत सापडला तर सोफा वसाहतकाळाच्या घाटाचा. इंग्लंडमध्ये वेताच्या विणीच्या खुर्च्या १६६० नंतरच्या दशकांत लोकप्रिय झाल्या. वेत मात्र पूर्वेकडून जायचा. आपल्याकडे तो टिकला हवेमुळे. एप्रिल-मेच्या सांगलीत पाठीला वारा लागणारं दुसरं काही नव्हतं. चंडीगडसाठी १९५० च्या दशकात वास्तुविशारद प्येर जनरे यांच्या देखरेखीखाली घडवलेल्या फर्निचरमध्येही साग आणि वेत हीच जोडी आहे. चौकटीला ओळीने भोकं असतील तर वीण हाताची. एक सलग खाच आणि तिच्यात ठोकलेली पट्टी असेल तर तयार जाळी. वेत तुटलेला नसून नुसता सैल झाला असेल तर खालच्या बाजूने गरम पाण्याच्या फडक्याने चांगला ओला करा आणि सावलीत रात्रभर वाळू द्या, आपोआप ताणला जाईल. वरच्या चकचकीत बाजूने पाणी आत मुरत नाही. नवी जाळी बसवायची तर ती अर्धा तास भिजवून, ओली असतानाच खाचेत ठोका.

खोल बटणं असलेला, हात आणि पाठ एकाच उंचीला गुंडाळत आलेला सोफा म्हणजे चेस्टरफील्डचा वंशज. लॉर्ड चेस्टरफील्डने तो पहिल्यांदा करवून घेतला अशी आख्यायिका आहे, पुरावा नाही. बटणांचं काम मात्र ठाऊक असावं. आत घोड्याचे केस भरलेले असत आणि ते घसरून खाली गोळा होऊ नयेत म्हणून आरपार टाके घालून जागच्या जागी बांधत. फोमला त्याची गरज नाही. आज ती नुसती शोभा आहे, आणि प्रत्येक खड्ड्यात धूळ बसते. रस्त्याकडेच्या घरात हा घाट घेण्याआधी आठवड्याला ब्रश कोण फिरवणार ते ठरवा.

गोल स्प्रिंगा: इथे घाई नको

स्प्रिंगच्या बैठकीची पेटंटं युरोपात १८२० च्या दशकात निघाली. त्याआधी पट्ट्यांवर भरण आणि वर कापड, एवढंच असायचं. स्प्रिंग आली आणि सोफा फुगला. स्प्रिंगांच्या उंचीसाठी बैठक जाड झाली, ती झाकायला कापड खाली उतरलं आणि कडेला झालरी आल्या. एकोणिसाव्या शतकातले सोफे गुबगुबीत दिसतात ते यामुळे.

तुमच्या सोफ्यात कमरेला बारीक, डमरूच्या आकाराच्या स्प्रिंगा निघाल्या तर नशीबवान आहात. स्प्रिंग सहसा मरत नाही. मरतो तो तिच्या खालचा पट्टा आणि वरची सुतळी. बैठकीत खड्डा पडला की लोक स्प्रिंगा काढून फोम भरतात. ते करू नका, बांधणी नवी करा.

पट्टा तागाचा, दोन-अडीच इंच रुंद घ्या. गोल स्प्रिंगांसाठी तो चौकटीच्या खालच्या बाजूने मारायचा असतो. वरून मारला तर स्प्रिंगांना उंचीच उरत नाही. टोक इंचभर दुमडा आणि पाच चुका (बारीक खिळे) मारा, पण एका रेषेत मारू नका. एका रेषेतल्या चुका लाकूड तिथेच चिरतात. दुसरं टोक लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, ठोकळा चौकटीवर टेकवून ओढा. थाप मारली की डफासारखा आवाज यायला हवा. उभे आणि आडवे पट्टे एकमेकांतून विणा, मध्ये बोटभरापेक्षा जास्त फट नको.

एका माणसाच्या बैठकीला नऊ स्प्रिंगा, तीन ओळी तीनच्या. प्रत्येक स्प्रिंग पट्ट्यांच्या छेदावर ठेवून दाभणाने चार ठिकाणी पट्ट्याला शिवा. स्प्रिंगच्या तारेचं वरचं टोक बैठकीच्या मध्याकडे वळलेलं ठेवा. ते कडेकडे राहिलं तर वर्षभरात गोणपाट फाडून बाहेर येतं.

मग बांधणी. जाड, पिळाची सुतळी घ्या. नायलॉनची दोरी नको, ती ताणते आणि गाठ घसरते. मधल्या ओळीपासून सुरू करा: मागच्या पट्टीला सुतळी चुकेने पक्की करा, स्प्रिंग दीड ते दोन इंच दाबा, तिच्या वरच्या कड्याला मागे एक आणि पुढे एक अशा दोन गाठी मारा, मग पुढची स्प्रिंग. नुसतं गुंडाळून पुढे जाऊ नका. गाठी असतील तर सुतळी एका जागी तुटली तरी बाकीच्या स्प्रिंगा जागेवर राहतात. गुंडाळलेली असेल तर अख्खी ओळ सुटते. मागून पुढे झालं की डावीकडून उजवीकडे, मग दोन्ही तिरक्या दिशांनी. अशी प्रत्येक स्प्रिंग आठ बाजूंनी बांधली जाते. कडेच्या स्प्रिंगा वरून किंचित बाहेर कललेल्या ठेवा, माणूस बसल्यावर त्या सरळ होतात. मधोमध तळवा दाबून बघा. बैठक एकसंध खाली जायला हवी. एकच स्प्रिंग वेगळी दबत असेल तर तिची बांधणी सैल आहे. ती आत्ताच सोडवून पुन्हा बांधा, कारण वरून कापड चढल्यावर हात पोचत नाही.

वर गोणपाट ताणून स्प्रिंगांना शिवा. प्लास्टिकचं पोतं वापरलं तर बसताना करकर वाजतं आणि तारेने चिरतं. गोणपाटावर दोन इंच काथ्या, त्यावर कापसाचा थर. मऊपणा हवा असेल तर सगळ्यात वर एक इंच फोम.

साप-वळणाच्या झिगझॅग स्प्रिंगा निघाल्या तर काम सोपं आहे. ही पद्धत विसाव्या शतकातली, उंची कमी करण्यासाठी आलेली. एका बैठकीला चार-पाच, चार ते पाच इंचांच्या अंतराने. त्या मोडतात त्या बहुधा क्लिपपाशी, आणि कुरकुरतात त्याही तिथेच. क्लिपमध्ये जाड नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) तुकडा घाला, आवाज थांबतो. शेजारच्या स्प्रिंगांना जोडणाऱ्या आडव्या तारा निघाल्या असतील तर परत घाला. त्यांच्याशिवाय सगळा भार एकाच स्प्रिंगवर येतो.

फोम वजनावर घ्या

डनलॉपने १९२९ साली रबराच्या चिकाला फेस आणून फोम केला. आपल्याकडे कुठलाही फोम असो, त्याला आजही 'डनलॉप' म्हणणारे आहेत. १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं आणि १९५० च्या दशकात त्याचा मऊ फोम बाजारात आला. सोफ्याचा चेहरा बदलला तो इथे. चार इंचांत बसण्याजोगा मऊपणा मिळायला लागल्यावर फुगीर पोटाची गरजच संपली. फ्लोरेन्स नॉल यांचा १९५४ चा सोफा बघा: सरळ रेषा, पातळ धातूचे पाय, खाली मोकळी जागा. १९७३ चा मिशेल ड्युकारोय यांचा 'टोगो' तर सांगाड्याशिवाय, सगळा फोमचाच. आपल्या हॉलमध्ये दिसणारा ठोकळेबाज सोफा याच रांगेतला.

फोमच्या धंद्यात 'डेन्सिटी' म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोत वजन. बैठकीला ३२ किंवा ४०, पाठीला १८ ते २३. घनता आणि कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फसवणूक होते ती इथेच. कमी घनतेचा फोमही कडक करता येतो. दुकानात तो बोटाने दाबल्यावर छान वाटतो आणि वर्षभरात चपटा होतो. म्हणून बोटावर विश्वास ठेवू नका, तराजूवर ठेवा. २४ बाय २४ इंच, ४ इंच जाडीचा तुकडा १८ घनतेचा असेल तर साधारण ६८० ग्रॅम भरतो, २३ चा ८७० ग्रॅम, ३२ चा १.२ किलो, ४० चा दीड किलो. रंगीबेरंगी तुकडे चिकटवून केलेला फोम याहून खूप जड असतो. तिथे वजन जास्त म्हणून बैठक चांगली असं समजू नका, तो तळाला पातळ थर म्हणून ठीक आहे.

बैठकीची चांगली रचना अशी: खाली ४ इंच ३२ किंवा ४० घनतेचा, वर १ इंच मऊ फोम, त्याभोवती पॉलिस्टरच्या तंतूंचा पातळ थर. हा थर कापड आणि फोम यांच्यातलं घर्षण कमी करतो आणि कोपरे भरून काढतो. तो गाळला की कापड महिन्याभरात सुरकुततं आणि दोष शिंप्यावर येतो. फोम खोळीपेक्षा अर्धा इंच मोठा कापा, म्हणजे गादी तणलेली राहते.

फोमच्या खाली काय आहे त्यावरही आयुष्य ठरतं. रबरी ताणाचा पट्टा असेल तर तो चौकटीच्या वरून मारायचा. सपाट प्लायवर फोम ठेवला असेल तर प्लायला इंच-इंचाची दहाबारा भोकं पाडा. बसताना फोममधली हवा कुठून तरी बाहेर जायला हवी, नाहीतर ती खोळीची शिवण उसवते.

कापड

सोफ्याच्या कापडाचा पन्हा साधारण ५४ इंच. २२ इंचांच्या चौकोनी, ४ इंच जाड गादीला वरचा आणि खालचा तुकडा २३ इंचांचा, तो पन्ह्यात शेजारी शेजारी बसतो. कडेची पट्टी ५ इंच रुंद, ती दोन वेळा कापायची. एकूण ३३ इंच, म्हणजे ८४ सेंटिमीटर. थोडं जास्त धरून ९० सेंटिमीटरला एक गादी, पायपिंग उरलेल्या पट्टीतून. ३+१+१ च्या लाकडी सोफ्याला पाच बैठका आणि पाच पाठी धरून नऊ मीटर. चुकीला एक मीटर जास्त घ्या. मोठी नक्षी असेल तर बारा, कारण फुलं जुळवताना कापड वाया जातं. पूर्ण मढवलेल्या तीन जणांच्या सोफ्याला एकट्यालाच बारा मीटरच्या आसपास लागतं.

सुती कापड आधी धुऊन आटवा. शनीलच्या सगळ्या तुकड्यांची रुवं एकाच दिशेला, वरून खाली आणि मागून पुढे ठेवा. एक तुकडा उलटा लागला की तो वेगळ्याच रंगाचा दिसतो. चेन मागच्या बाजूला, दोन्ही कोपऱ्यांवरून तीन-चार इंच वळवून घ्या, नाहीतर गादी आत घालताना कोपरा फाटतो. चामड्यासारख्या दिसणाऱ्या पीयू (पॉलियुरेथेनच्या) कापडाबद्दल स्पष्ट सांगायला हवं: त्याचा वरचा थर दमट हवेत हळूहळू सुटतो आणि पोपडे निघतात. मेढा, पाटण, महाबळेश्वर अशा पावसाच्या पट्ट्यात ते घेऊ नका. पोपडे निघू लागले की त्याला कुठलाही रंग किंवा लेप वाचवत नाही.

पुरात भिजलेला सोफा

२००५, २०१९, २०२१. सांगलीच्या गावभागात, नदीकाठच्या पेठांत आणि खालच्या वाड्यावस्त्यांवर हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४५ फूट ही धोक्याची पातळी. तिच्याकडे पाणी सरकू लागलं की निदान सुट्या गाद्या माळ्यावर टाका. सांगाडा पाण्यातून वाचू शकतो, फोम वाचत नाही.

पाणी ओसरल्यावर पहिल्याच दिवशी सगळं कापड आणि फोम उतरवा. पुराच्या पाण्यात गाळासोबत गटाराचं पाणीही असतं आणि ते फोमच्या आतपर्यंत जातं. वरून वाळलेला फोमही आत सडत राहतो, त्यामुळे तो फेकायचाच. काथ्या आणि कापूस यांचंही तेच. हातमोजे आणि मास्क घाला. सांगाडा स्वच्छ पाण्याने धुवा, सांध्यांतला गाळ दातांच्या जुन्या ब्रशने काढा, नाहीतर तो वाळून सांध्यात पाचरीसारखा बसतो.

उन्हात ठेवू नका. लवकर वाळावं म्हणून सगळे तेच करतात आणि सागसुद्धा तडकतो. सावलीत, चार विटांवर, वारा खेळेल असा ठेवा. तीन-चार आठवडे लागतात. वाळला की नाही हे हात लावून कळत नाही. ताणकाट्याने दर चार दिवसांनी एका बाजूचं वजन करा आणि लिहून ठेवा. सलग तीन वेळा तोच आकडा आला की वाळला. त्याआधी डिंक लावलात तर सांधा धरणार नाही. जुन्या सरसाचे सांधे पाण्याने सुटलेले असतील तर घाबरू नका, ते स्वच्छ करून पुन्हा जोडता येतात. साधा प्लाय थर सोडतो, एमडीएफ आणि भुशाची फळी फुगते. हे भाग नवेच करावे लागतात, आणि करताना ७१० नंबरचा, पाण्यात टिकणारा प्लाय घ्या. स्प्रिंगांवर गंज वरवरचा असेल तर काचकागद मारून गंजरोधक रंग द्या. तार खड्डे पडून खाल्ली गेली असेल तर बदला.

नवा घाट ठरवताना

जुना सांगाडा खरंच गेला असेल आणि सुताराकडून नवा करून घेणार असाल तर मापं घरातल्या माणसांची घ्या, फोटोतली नको. हल्लीचे सोफे बुटके आणि खोल असतात: बैठक १४-१५ इंचांवर, खोली २४ च्या पुढे. आडवं पडून टीव्ही बघायला ते बरे, पण गुडघे दुखणाऱ्या आजीला त्यातून उठता येत नाही. तिच्यासाठी बसल्यावर दबलेली उंची १८ इंच, खोली २०, हात बैठकीपासून ७ ते ९ इंच वर आणि हाताचं पुढचं टोक मुठीत धरता येईल असं. मांडी घालून बसणारं घर असेल तर खोली २४ घ्या, पण पुढच्या कडेला जास्त घनतेच्या फोमची तीन इंच पट्टी चिकटवा, कारण मांडीचा भार तिथेच येतो. दोन्ही गरजा असतील तर मोठा सोफा खोल आणि एकेरी खुर्च्या उंच करा. सगळा सेट एकाच मापाचा असायला हवा हा नियम कुणीही केलेला नाही.

तुकडे जोडून हवा तसा मांडता येणारा सोफा अमेरिकेत हार्वे प्रॉबर यांनी १९४० च्या दशकात पुढे आणला. आजचा एल आकार त्याच कुळातला. त्यात डावा-उजवा हा घोळ ठरलेला: सोफ्यासमोर उभं राहून बघता की सोफ्यावर बसून? कागदावर दरवाजा आणि खिडकीसकट चित्र काढून सुताराची सही घ्या. आणि जिन्याचं वळण मोजा. पाय सुटे असतील आणि एलचे दोन भाग बोल्टने जोडलेले असतील तर अरुंद जिन्यातूनही जातो.

सगळं झाल्यावर काळं कापड परत लावण्याआधी आतल्या पट्टीवर पेन्सिलीने लिहा: महिना-वर्ष, फोमची घनता, कापडाचे मीटर, कुठला सांधा जोडला. कापडाचा हातभर तुकडा पिशवीत घालून तिथेच पिनेने अडकवा. दहा वर्षांनी पुढची दुरुस्ती निघेल तेव्हा त्याच रंगाचं ठिगळ दुकानात मिळणार नाही.